एमआरएनए कमी झाला म्हणजे जनुक बंद पडलं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ई. कोलाय या जिवाणूच्या वाढत्या कल्चरला तुम्ही एक ताण दिला, १० मिनिटांनी पेशी गोळा केल्या, आरएनए काढला आणि आरटी-क्यूपीसीआर (एखादा आरएनए किती आहे ते मोजणारी चाचणी) केला. एका जनुकाचा एमआरएनए, म्हणजे जनुकाचा निरोप प्रथिन बनवणाऱ्या रायबोसोमांपर्यंत नेणारी नक्कल, चौथ्या हिश्शावर आला होता. 'या जनुकाचं प्रतिलेखन दबलं', म्हणजे डीएनएवरून ही नक्कल लिहिली जाणंच कमी झालं, असं तुम्ही लिहिलंत. परीक्षकांनी विचारलं, 'दबलं कशावरून? तुटणं वाढलं नसेल कशावरून?' आणि तिथे तुम्ही अडलात. त्याच्या जोडीला तुम्ही विचारलंय की जिवाणूंमध्ये एमआरएनए नेमकं कोण तोडतं, आणि इतक्या कष्टाने तयार केलेला रेणू काही मिनिटांत मोडून टाकण्यात पेशीला काय मिळतं.

परीक्षकांचा प्रश्न अगदी रास्त होता. मी गेली २२ वर्षं जिवाणूंच्या आरएनएवर काम करते आहे आणि हाच प्रश्न मला दरवर्षी निदान दोन-तीन विद्यार्थ्यांना विचारावा लागतो. हौदातलं पाणी उतरलं तर आपण नळ बघतो आणि तळाचं बूचही चाचपतो. एमआरएनएच्या बाबतीत मात्र सगळे फक्त नळाकडे बघतात, कारण पाठ्यपुस्तकात प्रतिलेखनाला तीन प्रकरणं असतात आणि विघटनाला अर्धं पान.

आधी तुमचाच आकडा घेऊ. समजा तुमच्या एमआरएनएचा अर्धायुकाल ५ मिनिटं आहे. प्रतिलेखन त्या क्षणी पूर्ण थांबलं, तर ५ मिनिटांनी निम्मा आणि १० मिनिटांनी चौथा हिस्सा उरेल. म्हणजे तुमचं वाक्य बरोबर ठरू शकतं. आता समजा अर्धायुकाल २ मिनिटं आहे. पूर्ण थांबल्यावर १० मिनिटांनी बत्तिसावा हिस्सा उरायला हवा होता. तुमच्याकडे चौथा आहे, म्हणजे नळ बंद झालेला नाही, नुसता आवळला गेलाय. आणि समजा तो ओम्प-ए या बाह्यपटलातल्या प्रथिनाच्या एमआरएनएसारखा टिकाऊ आहे, अर्धायुकाल १५ मिनिटं. मग प्रतिलेखन शून्यावर गेलं तरी १० मिनिटांनी ६३ टक्के शिल्लक राहील. चौथ्या हिश्शावर येणं निव्वळ प्रतिलेखन थांबण्यातून शक्यच नाही, कुणीतरी बूच काढलेलं असणार. एकच निकाल, तीन वेगळे अर्थ, आणि त्यातला कुठला खरा हे अर्धायुकाल मोजल्याशिवाय कळत नाही. तुमच्या प्रबंधात तो आकडा नाही, हीच अडचण आहे.

तुटणं हा एमआरएनएच्या गोष्टीतला शेवटचा, उपचारापुरता अंक नाही. या रेणूचा शोधच त्याच्या तुटण्यावरून लागला. १९५६ मध्ये ओक रिजला व्होल्किन आणि अ‍ॅस्ट्राखान यांना टी-२ फाजची (जिवाणूंना लागणाऱ्या एका विषाणूची) लागण झालेल्या ई. कोलायमध्ये आरएनएचा एक लहानसा अंश दिसला. तो झपाट्याने तयार व्हायचा आणि त्यातल्या बेसांचं प्रमाण फाजच्या डीएनएशी जुळायचं. त्या वेळी त्याचा अर्थ कुणाला नीट लागला नाही. पुढे पॅरिसमध्ये पार्डी, जेकब आणि मोनो यांनी दाखवलं की लॅक्टोज फोडणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं) जनुक पेशीत शिरल्यावर काही मिनिटांत ते विकर पूर्ण वेगाने तयार व्हायला लागतं. मग १९६० मध्ये किरणोत्सारी फॉस्फरसच्या साहाय्याने ते जनुकच मोडून पाहिलं, तेव्हा विकर तयार होणंही थांबलं. जनुक आणि प्रथिन यांच्यामधला निरोप टिकाऊ असता, तर जनुक गेल्यावरही काम चालूच राहिलं असतं. म्हणजे मधला रेणू अल्पायुषी असायलाच हवा.

त्याच उन्हाळ्यात ब्रेनर आणि जेकब कॅलटेकला मेसेल्सनच्या प्रयोगशाळेत जमले. फाजची लागण झाल्यावर नवे रायबोसोम तयार होत नाहीत, जुन्याच रायबोसोमांवर नवा आरएनए येऊन बसतो, हे त्यांना सीझियम क्लोराइडच्या घनतास्तरांत, म्हणजे जड-हलके कण वेगळे करणाऱ्या द्रावणात, दाखवायचं होतं. रायबोसोम पुन्हापुन्हा विस्कटत होते. कारण शेवटी ध्यानात आलं: इतक्या प्रचंड सीझियमपुढे रायबोसोम बांधून ठेवणारं मॅग्नेशियम टिकत नव्हतं. मॅग्नेशियम भरपूर वाढवलं आणि प्रयोग साधला. १९६१ च्या मे महिन्यात तो निबंध 'नेचर'मध्ये आला, त्याच अंकात ग्रो, वॉटसन आणि सहकाऱ्यांचाही. मराठीत 'निरोप' म्हणजे सांगावा आणि 'निरोप' म्हणजे रजा घेणंही. या रेणूसाठी याहून चपखल शब्द मला दुसऱ्या कुठल्या भाषेत सापडलेला नाही.

आता त्याचं आयुष्य. आरएनए लिहिणारं विकर, आरएनए पॉलिमरेज, सिग्मा घटकाच्या मदतीने प्रमोटर (लिहिणं कुठून सुरू करायचं ती डीएनएवरची खूण) ओळखतं आणि सेकंदाला साधारण ४० ते ५० न्यूक्लिओटाइड या वेगाने धावू लागतं. जिवाणूत केंद्रक नाही, म्हणून निरोप पुरा लिहून होण्याची कुणी वाट बघत नाही. शाइन-डालगार्नो क्रम (रायबोसोमने धरायची खूण) बाहेर आला की पहिला रायबोसोम त्यावर चढतो आणि पॉलिमरेजच्या मागोमाग सेकंदाला १५-१६ अमिनो आम्लं जोडत येतो. १५ ला ३ ने गुणा: ४५ न्यूक्लिओटाइड. दोघांचे वेग जुळणं हा योगायोग नाही, याकडे मी पुन्हा येणार आहे. लॅक्टोज फोडणाऱ्या त्याच विकराचं लॅक-झेड जनुक साधारण ३,०७५ न्यूक्लिओटाइड लांब आहे, म्हणजे ते लिहायला मिनिटाहून जास्त वेळ लागतो. त्याच्या एमआरएनएचा अर्धायुकाल दीड-दोन मिनिटं. हिशोब करा: शेपूट लिहून व्हायच्या आत काही रेणूंचं डोकं तुटलेलंही असतं. म्हणून जिवाणूतला एमआरएनए आधी जन्मतो, मग वाचला जातो, मग मरतो हे तीन कप्प्यांचं चित्र मनातून काढून टाका. तिन्ही गोष्टी एकाच धाग्यावर एकाच वेळी चालू असतात.

धागा ५′ टोकाकडून लिहायला सुरुवात होते आणि ३′ टोकाला संपतो. या दोन्ही टोकांना राखण असते. ३′ टोकाला बहुतेक वेळा जी-सीने भरलेला घट्ट हेअरपिन (धागा स्वतःवरच दुमडून झालेली गाठ) असतो, तोच जो प्रतिलेखन थांबवतो. ५′ टोकाला तीन फॉस्फेटांचा गुच्छ असतो. आपल्या पेशींतल्या एमआरएनएसारखी खास टोपी तिथे नसते (काही थोड्या आरएनएंवर एनएडी टोपीसारखा बसलेला २०१५ मध्ये सापडला, पण तो वेगळा विषय).

आणि इथेच अनेक वर्षं छळलेलं कोडं येतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ट्रिप्टोफॅन ओपेरॉनवर (एकाच धाग्यावर लिहिल्या जाणाऱ्या जनुकांच्या रांगेवर) काम करणाऱ्यांना दिसलं की एमआरएनए ५′ कडून ३′ कडे नाहीसा होत जातो. तर्काला ते पटणारंही आहे: आधी सुरुवात बाद करा, म्हणजे नवा रायबोसोम चढणार नाही, चढलेले आपापलं काम संपवून उतरतील आणि अर्धवट प्रथिनं होणार नाहीत. पण लांब एमआरएनए ५′ टोकाकडून सलग खात जाईल असं विकर ई. कोलायमध्ये काही केल्या सापडेना. जी सापडली ती सगळी उलट्या दिशेने, ३′ टोकाकडून कुरतडणारी. मग ५′ कडून सुरू होणारं विघटन होतं कसं?

उत्तर कुरतडण्यात नव्हतं, कापण्यात होतं. १९७८ मध्ये अपिरियन यांच्या गटाला रायबोसोममधला ५-एस आरएनए घडवणारं आरएनेज ई हे आरएनए कापणारं विकर मिळालं. पुढच्याच वर्षी जपानमध्ये ओनो आणि कुवानो यांनी उष्णतेला हळवा असा एक उत्परिवर्ती जिवाणू वर्णिला, ज्याचा एमआरएनए तापमान वाढवलं की तुटायचाच मंदावतो. ही दोन जनुकं एकच आहेत हे ध्यानात यायला १९९० च्या आसपासचा काळ उजाडला. आरएनेज ई धाग्याला मधेच कापतं. एकेरी, ए आणि यू जास्त असलेला भाग त्याला आवडतो, आणि कापायच्या जागेपासून दुसऱ्या स्थानावर यू असला तर विशेषच. एकदा काप बसला की वरच्या तुकड्याला नवं, उघडं, हेअरपिन नसलेलं ३′ टोक मिळतं आणि कुरतडणारी विकरं त्यावर तुटून पडतात. खालच्या तुकड्याला नवं ५′ टोक मिळतं, आणि त्यावर तीनऐवजी एकच फॉस्फेट असतं. हे एक फॉस्फेट फार महत्त्वाचं आहे. आरएनेज ई ला एक छोटा खिसा आहे, त्यात एकच फॉस्फेट असलेलं ५′ टोक नेमकं बसतं. तीन फॉस्फेटांचं बसत नाही. केंब्रिजच्या लुईसी यांच्या गटाने २००५ मध्ये त्याची रचनाच दाखवली. टोक खिशात अडकलं की पुढचा काप पटकन पडतो, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. प्रत्येक काप ५′ कडून ३′ कडे सरकतो, प्रत्येक तुकडा ३′ कडून ५′ कडे खाल्ला जातो, आणि दुरून बघणाऱ्याला सगळा धागा डोक्याकडून विरत चाललाय असं दिसतं. दोन उलट दिशांतून एक दिशा भासते. मला या विषयात खेचलं ते या उत्तराने, आणि आजही शिकवताना हा भाग आला की मी थोडी थांबते.

मग पहिला काप कसा बसतो? धाग्याला तर तीन फॉस्फेटं आहेत. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलास्को यांच्या गटाने दाखवलं की आरपीपीएच नावाचं विकर ती फॉस्फेटं उतरवून एकावर आणतं. नंतर हेही दिसलं की त्याला तिनापेक्षा दोन फॉस्फेटं असलेलं टोक जास्त पसंत आहे, म्हणजे उतरणं दोन टप्प्यांत होतं. मात्र प्रत्येक एमआरएनएला हीच वाट लागते असं नाही. बऱ्याच धाग्यांवर आरएनेज ई टोकाकडे न बघता थेट मधल्या मोकळ्या जागेवर येऊन बसतं. पाठ्यपुस्तकातली आकृती बहुधा एकच वाट दाखवते, त्यामुळे मुलाखतीत मुलं ठामपणे चुकीचं सांगतात.

आरएनेज ई एकटं नसतं. १,०६१ अमिनो आम्लांचं हे प्रथिन चौघांच्या जुडीने काम करतं. पहिला अर्धा भाग कापतो. उरलेला अर्धा सैल, ठराविक आकार नसलेला, आणि त्यावर इतर प्रथिनं येऊन बसतात: आरएनएच्या गाठी सोडवणारं आरएचएल-बी, कुरतडणारं पीएनपेज, आणि साखर पचवण्याच्या साखळीतलं एनोलेज. या सगळ्या संचाला डिग्रॅडोसोम म्हणतात. ई. कोलायमध्ये तो आतल्या पटलाला चिकटलेला असतो, गुणसूत्राजवळ नाही. त्यामुळे नुकत्या जन्मलेल्या धाग्याला थोडी उसंत मिळत असावी, असं मला वाटतं.

पीएनपेजची कहाणी थोडक्यात सांगते. मारिआन ग्रुनबर्ग-मानागो यांना ते १९५५ मध्ये ओचोआ यांच्या प्रयोगशाळेत सापडलं, ते आरएनए 'जोडणारं' विकर म्हणून. परीक्षानळीत ते खरोखर जोडतं, आणि त्याने बनवलेले कृत्रिम आरएनए पुढे जनुकीय संकेत उलगडायला कामी आले. पेशीत मात्र फॉस्फेट इतकं असतं की ते उलट चालतं, आरएनए फोडून न्यूक्लिओसाइड डायफॉस्फेट मोकळे करतं. दुसरं कुरतडणारं विकर, आरएनेज २, पाण्याच्या साहाय्याने तोडतं आणि मोनोफॉस्फेट देतं. या दोघांपैकी एक नसलं तर पेशी जगते, दोन्ही नसली तर नाही. घट्ट हेअरपिन आला की दोघंही अडखळतात. तेव्हा पॉली-ए पॉलिमरेज त्या टोकाला ए-ए-एची छोटी शेपटी लावतं, म्हणजे पकडायला मोकळी जागा मिळते. हे जनुक निलिमा सरकार आणि काओ यांनी १९९२ मध्ये ओळखलं. लक्षात घ्या, आपल्या पेशींत पॉली-ए शेपूट एमआरएनएला जपते. जिवाणूत तीच शेपूट त्याला लवकर संपवते. शेवटी दोन ते पाच न्यूक्लिओटाइडांचे जे कण उरतात ते ऑलिगोरायबोन्यूक्लिएज निस्तरतं. ते एवढंसं काम, पण त्याच्याशिवाय ई. कोलाय जगू शकत नाही.

आता 'का' या प्रश्नाकडे. तुम्ही याला उधळपट्टी म्हणालात. मी आकड्यात मांडते. १,००० न्यूक्लिओटाइडांचा एमआरएनए घ्या. तुटल्यावर न्यूक्लिओटाइड परत वापरात येतात, त्यामुळे खर्च फक्त त्यांना पुन्हा ट्रायफॉस्फेट करण्याचा: प्रत्येकी साधारण दोन एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन), एकूण २,०००. त्यावरून ३३३ अमिनो आम्लांचं प्रथिन होतं, प्रत्येक आम्लामागे चारेक एटीपी, म्हणजे एका प्रथिनाला सुमारे १,३००. एका धाग्यावरून २० प्रथिनं झाली असं धरलं तर २६,००० च्या वर. एमआरएनएचा खर्च त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. आणि या किरकोळ रकमेत काय विकत मिळतं बघा. दर २० मिनिटांनी दुप्पट होऊ शकणाऱ्या जिवाणूचा निरोप तासभर टिकला, तर त्याच्या नाती-पणती जुन्याच हुकमावर नको असलेली प्रथिनं बनवत बसतील. अर्धायुकाल जितका लहान, तितकी नवी पातळी लवकर गाठता येते, वर जाताना आणि खाली येतानाही. २००२ मध्ये ई. कोलायच्या सगळ्या जनुकांवर एकदम मोजमाप झालं, तेव्हा सुमारे ८० टक्के एमआरएनएंचे अर्धायुकाल ३ ते ८ मिनिटांत निघाले.

पण एकाच पेशीत, तीच विकरं असताना, एक धागा दीड मिनिट आणि दुसरा पंधरा मिनिटं कसा टिकतो? इथेच खरी गंमत आहे, आणि तुमच्या प्रयोगाचा अर्थही इथेच दडलेला असू शकतो.

ओम्प-एच्या एमआरएनएच्या ५′ टोकाशी लांबलचक अनुवाद न होणारा भाग आहे आणि अगदी सुरुवातीलाच एक हेअरपिन. टोक पकडायला मोकळं मिळत नाही. तो भाग कापून दुसऱ्या अल्पायुषी एमआरएनएला जोडला तर तोही टिकाऊ होतो. मधल्या धाग्याला रायबोसोम जपतात. ओळीने चालणाऱ्या रायबोसोमांमध्ये आरएनेज ई ला शिरायला जागा मिळत नाही. म्हणूनच पॉलिमरेज आणि रायबोसोम यांचे वेग जुळणं इतकं महत्त्वाचं. टी-७ फाजचं पॉलिमरेज ई. कोलायच्या पॉलिमरेजच्या कितीतरी पट वेगाने पळतं. प्रथिन भरपूर मिळावं म्हणून तुम्ही टी-७ प्रमोटर वापरता तेव्हा रायबोसोम मागे राहतात, मधला धागा उघडा पडतो आणि कापला जातो. आरएनेज ई चा सैल अर्धा भाग छाटलेले जिवाणू प्रथिननिर्मितीसाठी मिळतात ते याच कारणाने.

तिसरी गोष्ट छोट्या नियामक आरएनएंची. बाह्यपटलावर ताण आला की सिग्मा-ई हा खास सिग्मा घटक जागा होतो आणि मिक-ए, आरवायबी-बी असे सत्तर-ऐंशी न्यूक्लिओटाइडांचे आरएनए तयार होतात. ते एचएफक्यू प्रथिनाच्या मदतीने ओम्प-ए आणि त्याच्या भाऊबंदांच्या एमआरएनएंना सुरुवातीलाच जोडी लावतात, रायबोसोमची वाट अडवतात आणि तोडणाऱ्यांना बोलावतात. एरवी पंधरा मिनिटं टिकणारा निरोप झपाट्याने नाहीसा होतो, प्रमोटरला कुणी हात न लावता. लोह कमी पडलं की आरवायएच-बी हेच करतो, लोह वापरणाऱ्या प्रथिनांच्या एमआरएनएंवर. तुमचा ताण कुठला हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण तुमचं जनुक बाह्यपटलाच्या प्रथिनाचं आहे असं म्हणालात. मला पहिला संशय इथेच येतो.

ई. कोलायचं सगळं जसंच्या तसं दुसऱ्या जिवाणूला लावू नका. बॅसिलस सबटिलिसमध्ये आरएनेज ई नाहीच. तिथे मधले काप आरएनेज वाय घेतं, आणि आरएनेज जे-१ खरोखर ५′ टोकाकडून खात जातं, म्हणजे ई. कोलायमध्ये जे शोधून सापडलं नाही ते इथे आहे. क्षयाच्या जिवाणूकडे आरएनेज ई आणि आरएनेज जे दोन्ही आहेत. तो दुप्पट व्हायला २० तासांच्या आसपास घेतो, पण २०१३ मधल्या मोजमापात त्याच्या एमआरएनएचा सरासरी अर्धायुकाल साडेनऊ मिनिटं निघाला. थंडीत आणि ऑक्सिजन तुटल्यावर मात्र तो कितीतरी वाढतो. आपल्याकडे क्षयावर काम करणाऱ्या मुलांनी हे डोक्यात पक्कं ठेवावं: सुप्त अवस्थेतल्या जिवाणूत एखादा एमआरएनए सापडला म्हणजे ते जनुक आत्ता चालू आहे असं ठरत नाही.

आता तुमचा प्रयोग. तुमच्या पद्धतीत एक वाक्य मी दोनदा वाचलं: 'पेशी ४ अंशांवर १० मिनिटं सेंट्रिफ्यूज केल्या.' ही १० मिनिटं त्या जिवाणूच्या हिशोबाने दोन-तीन अर्धायुकाल आहेत. बोटांवरच्या आरएनेजची भीती सगळ्यांना असते: डीईपीसीचं (आरएनेज निकामी केलेलं) पाणी, नवे हातमोजे, वेगळी पिपेट. खुद्द पेशीच्या पोटात बसलेल्या आरएनेज ई ची भीती कुणाला वाटत नाही. शिवाय थंड करण्याने सगळं गोठतं असं नाही. थंडी हाही जिवाणूला एक ताणच आहे. सीएसपी-ए या थंडीच्या जनुकाचा एमआरएनए ३७ अंशांना काही सेकंदच टिकतो आणि गारठ्यात मिनिटांच्या मिनिटं. तुमच्या ट्यूबमधल्या पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये बसून नवा प्रतिसाद देत होत्या. जेलवर २३-एस आणि १६-एस या रायबोसोमच्या आरएनएंचे पट्टे ठसठशीत आले म्हणून निर्धास्त राहू नका. एकूण आरएनएत एमआरएनए पाचेक टक्के असतो, बाकी बहुतेक रायबोसोमचा, आणि तो रायबोसोमच्या आत सुरक्षित असतो. पट्टे सुंदर आणि एमआरएनए निम्मा गेलेला, हे मी कित्येकदा पाहिलंय.

म्हणून आधी थांबवा, मग गोळा करा. कल्चरच्या आठव्या ते पाचव्या हिश्श्याइतकं, ५ टक्के फिनॉल घातलेलं बर्फथंड इथेनॉल थेट फ्लास्कमधून काढलेल्या नमुन्यात ओता आणि लगेच हलवा. विकरं तिथल्या तिथे निकामी होतात. त्यानंतर सेंट्रिफ्यूज निवांत करा. फिनॉल कातडी जाळतं, तेव्हा हातमोजे आणि फ्यूम हूड सोडू नका.

मग अर्धायुकाल मोजा, ताणाशिवाय आणि ताणासह. रिफॅम्पिसिन वापरा, क्षयाच्या उपचारातलंच औषध. ते पॉलिमरेजला नवी सुरुवात करू देत नाही. ताण देऊन तीन-चार मिनिटं थांबा, म्हणजे छोटे नियामक आरएनए तयार व्हायला वेळ मिळेल, आणि मगच औषध घाला. आधी घातलंत तर तेही तयार होणार नाहीत आणि तुम्ही जे शोधताय तेच पुसून टाकाल. ई. कोलायला बाह्यपटल आहे, औषध सहज आत जात नाही, म्हणून मात्रा मोठी हवी, मिलिलिटरला २०० ते ५०० मायक्रोग्रॅम. मी उमेदवारीच्या काळात दुसऱ्या जिवाणूसाठी लिहिलेली मात्रा तशीच वापरली होती. सगळ्या एमआरएनएंचे अर्धायुकाल २५ मिनिटांच्या आसपास आले आणि दोन महिने मी त्या आकड्यांना अर्थ देत बसले. प्रतिलेखन थांबलेलंच नव्हतं. अल्पायुषी म्हणून माहीत असलेला एक एमआरएनए प्रत्येक मालिकेत सोबत मोजायची सवय मला तेव्हापासून लागली. तुम्हीही लावून घ्या.

नमुने ०, १, २, ४, ८ आणि १६ मिनिटांना घ्या. रिफॅम्पिसिन नवी सुरुवात थांबवतं, पण धावत असलेली पॉलिमरेजं शेवटपर्यंत जातात. तुमचे प्रायमर (कुठला भाग मोजायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) जनुकाच्या शेवटाकडे असतील तर पहिलं मिनिटभर पातळी उतरणारच नाही. तो सपाट भाग वगळून उतार काढा, किंवा प्रायमरची एक जोडी ५′ टोकाजवळ आणि एक ३′ टोकाजवळ ठेवा. दोन्हींतला फरक तुम्हाला धागा कुठून तुटायला लागतो तेही सांगेल. आणि प्रमाणीकरण कृपा करून दुसऱ्या एमआरएनएशी करू नका. एरवीच्या प्रयोगात चालणाऱ्या 'हाउसकीपिंग' (सतत चालू असणाऱ्या) जनुकाचा एमआरएनए इथे स्वतःच तुटत असतो. १६-एस आरएनए घ्या, नाहीतर पेशी फोडताना ठरावीक मात्रेत बाहेरचा एखादा आरएनए घाला.

ताणासह आणि ताणाशिवाय दोन्ही उतार सारखे आले, तर तुमचं मूळ वाक्य टिकलं. प्रमोटरला लॅक-झेड जोडून, म्हणजे त्या विकरावरून प्रमोटरचा जोर वेगळा मोजून, ते आणखी पक्कं करा. ताणाखालचा उतार जास्त तीव्र आला, तर एचएफक्यू नसलेल्या जिवाणूत तेच पुन्हा मोजा. तिथे फरक नाहीसा झाला तर छोटा आरएनए शोधायला लागा. आरएनेज ई चा हात आहे का हे बघायला उष्णतेला हळवा उत्परिवर्ती ४४ अंशांवर नेऊन मोजता येतं, फक्त त्याच्या जोडीचा साधा जिवाणूही त्याच तापमानाला न्या, कारण उष्णता हा आणखी एक ताण आहे.

तोपर्यंत प्रबंधातलं ते वाक्य असं करा: 'ताण दिल्यानंतर १० मिनिटांनी या एमआरएनएची पातळी चौथ्या हिश्शावर आली.' प्रतिलेखन हा शब्द त्यात घालायचा की नाही, ते त्या सहा नळ्या सांगतील.